चार मिनिटांचा दोष

मायकेन : चार मिनिटं, होल्गर. घड्याळ लावून मोजली मी. खेळातल्या वेळापत्रकात लिहिलीय सात दहा. मी दोर सोडायचं बटण दाबतेय, दाबतेय, आणि तुमची फेरीबोट धक्क्याला चिकटून. सात चौदाला कुणी एक बाई सायकल ढकलत चढते, मग सुटते. आमच्याकडे याला दोष म्हणतात.

होल्गर : कोपनहेगनची माणसं कशालाही दोष म्हणतात. केक घे.

मायकेन : घेते. पण उत्तर द्या. नऊ वेळा तुमचा मॉड, म्हणजे आमच्या खेळात घालायची ही तुमची बोट, नामंजूर केला मी. दहाव्या अर्जात तुम्ही एकच ओळ लिहिलीत, ‘एकदा येऊन बघा.’ टीव्हीला जोडून खेळायचा कन्सोल बनवणाऱ्या कंपनीची तपासनीस कधी कुणाच्या स्वयंपाकघरात जाते का? सुट्टी टाकून आलेय. बोट का थांबते, एवढंच सांगा.

होल्गर : सीलमुळे.

मायकेन : कशामुळे?

होल्गर : सील गं, समुद्रातला. आमच्या बोटीच्या मोठ्या साहेबासारखा लठ्ठ. रोज पहाटे पंख्याच्या पात्याखाली येऊन झोपायचा. इंजिन चालू केलं असतं तर खिमा. मग आमचा खलाशी विली अकॉर्डियन वाजवून त्याला उठवायचा. लग्नातलं गाणं वाजवलं की रुसायचा, त्याची बायको पळून गेली होती ना. चार मिनिटं तर लागणारच.

मायकेन : खेळात सील कुठेच नाही.

होल्गर : पाण्याखाली आहे. दिसेल कसा?

मायकेन : होल्गर!

होल्गर : बरं, मला एक सांग. हाच मॉड कॉम्प्युटरवर तीन वर्षं चालतोय. चार हजार लोकांनी घेतलाय, कुणाची तक्रार नाही. कन्सोलवर टाकायचा म्हटलं की तुमची परवानगी. का? स्वतःच्या घरात खिळा ठोकायला मी गवंड्याला विचारतो का?

मायकेन : खिळा शेजाऱ्याच्या भिंतीत निघाला तर? मागे एक मॉड आम्ही नीट न बघता सोडला. काही नाही, बैलांना टोप्या घालायचा. त्यानं हजारो पोरांचे जपून ठेवलेले खेळ पुसले. एका नऊ वर्षांच्या मुलीनं मला पत्र लिहिलं. दोन वर्षं खपून तिनं एक गाव वसवलं होतं, ते गेलं. बेकरीवाल्याच्या मांजरासकट.

होल्गर : अरेरे. काय उत्तर दिलंस तिला?

मायकेन : दिलंच नाही. काय देणार? तेव्हापासून मी दोष शोधते.

होल्गर : हं. तू वाईट नाहीस. अजून एक तुकडा घे.

मायकेन : तुमचा मॉड सुंदर आहे, म्हणून तर आले. बाकावरचे सिगारेटचे चटकेसुद्धा हुबेहूब रेखाटलेत तुम्ही. पण चार हजार लोक कॉम्प्युटरवर खेळतात, तसं तुम्हीही खेळा की.

होल्गर : मी खेळतो. पण आम्हा म्हाताऱ्यांच्या विरंगुळा केंद्रातल्या कॉम्प्युटरला नगरपालिकेचं कुलूप. त्यावर काही घालता येत नाही. कन्सोल तेवढा दिलाय, बोटांना व्यायाम म्हणून. पूल झाला, बोट भंगारात गेली, तिच्यात बसणारे आम्ही नऊजण उरलोय. त्यातली आस्ता पुढच्या आठवड्यात मुलीकडे चाललीय, ऑल्बोर्गला, कायमची. जायच्या आधी तिला एकदा बोट हाकायचीय. या शुक्रवारी.

मायकेन : आस्ता म्हणजे ती सायकलवाली?

होल्गर : …कॉफी देऊ?

मायकेन : होल्गर, नियम साधा आहे. खेळणाऱ्याला उगाच ताटकळत ठेवायचं नाही. एक तर थांबणं टाळायचं बटण द्या, नाहीतर पडद्यावर लिहा, ‘एका प्रवाशाची वाट पाहत आहोत.’ आज लिहिलंत तर आज मंजूर.

होल्गर : तेच तर लिहायचं नाही.

मायकेन : का पण?

होल्गर : तिला माहीत नाही म्हणून.

मायकेन : काय माहीत नाही?

होल्गर : बोट तिच्यासाठी थांबायची ते. ऐक. तिचा नवरा पाउल अंथरुणाला खिळलेला. शेजारीण धारा काढून सातला त्याच्याजवळ येऊन बसायची, तेव्हा हिची सुटका. तिथून धक्का सायकलनं तेरा मिनिटं. पलीकडच्या धोबीखान्यात हिला काम लागलं, त्या पहिल्या दिवशी आमचं इंजिन रुसलेलं. सात तेराला ही धापा टाकत आली, विचारते, ‘चुकली का बोट?’ इंजिनाची गोष्ट साहेबापर्यंत जाईल म्हणून विली घाबरला. म्हणाला, ‘छे, अगदी वेळेवर आलात, ही सात चौदाची.’

मायकेन : आणि दुसऱ्या दिवशी?

होल्गर : दुसऱ्या दिवशी ही सात तेराला हजर. आता काय सांगणार? एकोणीस वर्षं, बाई. सुकाणू माझ्या हाती, चार मिनिटं मी समुद्रात भरून काढायचो.

मायकेन : धक्क्यावर पाटी असेल ना वेळेची?

होल्गर : तिच्यावर विलीनं माझं जुनं जाकीट टांगलं.

मायकेन : ते जाकीट! ‘पाटी झाकली गेली आहे’ म्हणून मी तोही दोष लिहिलाय! पण एकदा तिला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

होल्गर : दुसऱ्या दिवसापासून आली नसती. या बेटावर कुणाचा जीव जाईल, पण कुणी कुणाला खोळंबून ठेवणार नाही. धोबीखाना सुटला असता, आणि ती घरात बसून पाउलसारखीच भिंतीकडे बघत राहिली असती.

मायकेन : हीसुद्धा सीलसारखीच थाप ना? खरं सांगा.

होल्गर : तूच ठरव. दार वाजलं बघ. रोज याच वेळेला तीच येते.

(आस्ता आत येते. चौऱ्याऐंशी वर्षांची, ताठ. हातात विणलेली पिशवी.)

आस्ता : होल्गर, तुझ्या अंगणात कोपनहेगनची गाडी कशी? अगं बाई, पाहुणी! यानं सीलची गोष्ट सांगितली असेल.

मायकेन : सांगितली. मी मायकेन. कन्सोलवरचे मॉड तपासते.

आस्ता : म्हणजे आमची बोट अडवणारी ती तू! दिसतेस तर चांगली.

मायकेन : आस्ता, एक विचारू? तुम्ही कुठल्या बोटीनं जायचात?

आस्ता : सात चौदाच्या. एकोणीस वर्षांत ना मी एक मिनिट चुकले, ना ती. या माणसाच्या तोंडचं एक वाक्य खरं नसतं, पण बोट? घड्याळ लावावं तिच्यावर. घोडं अडलंय कुठे तुमचं?

होल्गर : कुठे नाही. कागदपत्रं.

मायकेन : वेळापत्रकात. यांनी आत सात दहा घातलंय. म्हणून बोट चार मिनिटं नुसती उभी राहते, आणि मला ते सोडता येत नाही. सात चौदा असतं, तर अडवायला माझ्याकडे काही कारणच नव्हतं.

होल्गर : मायकेन, मी त्या बोटीचा एकेक खिळा मोजून बसवलाय. छापील वेळापत्रक समोर ठेवून. त्यात…

आस्ता : सात दहा? होल्गर, डोकं ठिकाणावर आहे ना? सात दहाला तर मी चर्चच्या वळणावर असायची!

मायकेन : बघा. रोज जाणारी प्रवासी सांगतेय. मी कुणाचं खरं धरू?

आस्ता : आणि हट्टी किती! चुकलं म्हणायला काय जातं याचं? तीन अक्षरं आहेत.

होल्गर : …चुकलं, आस्ता.

आस्ता : ऐकलंस का, मायकेन? साठ वर्षांत पहिल्यांदा. लिहून ठेव कुठेतरी.

मायकेन : आजच बदलून पाठवा, होल्गर. उद्या मंजूर करते, शुक्रवारी बोट पाण्यात. जाकीटही राहू दे, मी माझा शेरा मागे घेते.

आस्ता : कसलं जाकीट?

होल्गर : काही नाही गं. सजावट.

आस्ता : सात दहा म्हणे! माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर बोटीतल्या कुणालाही विचार. जे उरलेत त्या सगळ्यांना विचार. सात चौदाच सांगतील.

होल्गर : सांगतील, आस्ता. सगळे तेच सांगतील.