चौसष्ट सेकंद गप्प

…नाही, मला एक सांगा, चौसष्ट सेकंद म्हणजे असतात तरी किती हो? मी काय त्याची किडनी मागितली होती? गप्प बस म्हटलं होतं, गप्प! चहाचं आधण ठेवलं तर पाण्याला उकळी फुटायच्या आत संपतात चौसष्ट सेकंद, आणि तेवढंसुद्धा त्या गॅरेथ सग्डेनला जमलं नाही, आणि त्यापायी आज माझ्या बायकोचा आवाज… थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, बायको गेल्यापासून नील थॅकरेचं डोकं ठिकाणावर नाही. ते नाहीच आहे, पण तो विषय वेगळा.

मी डीजे. म्हणजे होतो. शहाण्णव साल, डॉनकास्टर, बस डेपोमागचा स्केटिंगचा हॉल, दोन हजार पोरं घामानं निथळतायत, भिंतींना घाम, छताला घाम, छताचा घाम परत पोरांच्या डोक्यावर ठिबकतोय, आणि मी वर उभा राहून हार्डकोअर वाजवतोय, मिनिटाला एकशे सत्तर ठोके. आणि माझ्या शेजारी, अगदी कानाला लागून, माईक घेऊन कोण? एमसी. आता रेव्हमध्ये, म्हणजे असल्या रात्रभराच्या नाचात, हा माईकवर ओरडणारा एमसी कशाला लागतो हे तुम्हाला सांगतो… कशालाच नाही! डीजेला तो नको असतो, पोरांना नको असतो, पण प्रत्येक कार्यक्रमाला असतोच, कारण तो आयोजकाचा मेव्हणा असतो, नाहीतर त्याच्याकडे व्हॅन असते. गॅरेथकडे व्हॅन होती.

व्हॅन होती आणि नाव होतं एमसी थंडरहेड. घरी आई त्याला गॅरी म्हणायची, तो पाव विकायचा सकाळी, त्याच व्हॅनमधून. पण माईक हातात आला की झालं! 'हात वर! आवाज वर! छप्पर वर!' अरे, खाली काही राहू देशील की नाही? 'डॉनकास्टर, आवाज कुठाय?' तूच गिळलास ना रे तो! मी असे असे एमसी बघितलेत तुम्हाला सांगतो… एक होता, त्याला यमकं यायची दोन, तीच पहाटेपर्यंत उलटसुलट. एक होता, गाणं सुरू झालं की गाण्याचं नाव सांगायचा, आणि ते हमखास दुसऱ्याच गाण्याचं असायचं. आणि रॉदरहॅमचा एक बापडा, तो पूर्ण तास 'चेक, चेक, वन टू' एवढंच म्हणायचा, त्याला वाटायचं माईक अजून चालू झाला नाही. त्यातल्या त्यात तोच बरा होता.

बरं, बोलतोस तर बोल, हवेत जाऊ दे. पण हवेत जात नाही ना! प्रत्येक रात्र सरळ यंत्रातून कॅसेटवर उतरवायचे, सहा-सहा कॅसेटी प्लॅस्टिकच्या डब्यात घालून विकायचे, आणि अख्ख्या यॉर्कशरभर गाड्यांमधून त्या वाजायच्या. माझी बोटं, माझ्या तबकड्या, आणि वरून थापून बसवलेला गॅरेथ. कायमचा.

म्हणून आमच्यात एक रीत होती. लिहिलेली नव्हती कुठे, पण अगदी मठ्ठातल्या मठ्ठ एमसीलाही ठाऊक होती. मधेच ढोल थांबतो, नुसते सूर उरतात आणि तबकडीवरची बाई गायला लागते, दोन हजार माणसं डोळे मिटून हात वर करतात… तेव्हा तोंड बंद. बाई गात असताना एमसीनं पाणी प्यावं, घाम पुसावा, कुठल्या देवाचं नाव घ्यायचं ते घ्यावं, पण मनातल्या मनात.

आणि त्या रात्रीची बाई होती माझी जनीन. तेव्हा लग्न व्हायचं होतं आमचं. मी माझं पहिलं, आणि खरं सांगायचं तर शेवटचं, गाणं बनवलं होतं घरच्या मागच्या खोलीत, आणि जनीनला म्हटलं, गा. ती नाही नाही म्हणत होती. शेवटी डोक्यावरून रजई घेऊन गायली, शेजारच्या कुत्र्याचं भुंकणं टेपवर येऊ नये म्हणून. आठ ओळी. चौसष्ट सेकंद. काय गायली म्हणता! मी तर रडलो हो तिथेच, खुर्चीवर, आणि तिनं रजईतून डोकं काढून विचारलं, इतकं वाईट झालं का?

त्याची एक तबकडी कापून आणली, एकच, त्या मऊ लाखेची. ती प्रत्येक वेळी सुई फिरली की झिजते, चाळीस-पन्नासदा वाजवली की नुसती खरखर. मूळ टेप मी मागच्या शेडमध्ये ठेवली, रंगाच्या डब्यांशेजारी, तिला ओल लागली आणि ती गेली. ही चूक माझी, मान्य. म्हणजे राहिलं काय? त्या रात्रीची कॅसेट. त्यावर तबकडी अगदी कोरी वाजतेय, पहिल्यांदा. आणि मी गॅरेथला आधी तीनदा बजावलं होतं, तीनदा! 'गॅरेथ, बाई गायला लागली की चौसष्ट सेकंद.' तीनदा मान हलवली त्यानं.

ढोल थांबला. सूर लागले. जनीननं पहिला शब्द उच्चारला, आणि हा…

'लक्ष द्या मंडळी! लाल रंगाची नोव्हा, गाडीचे दिवे चालू राहिलेत!'

आणि पुढे नंबर. अक्षर अन् अक्षर, आकडा अन् आकडा, दोनदा! मग केरीचा वाढदिवस. मग बार्न्सलीच्या मिनीबसवाल्यांना रामराम, मग कुणाची तरी डावी चप्पल सापडलीय, मग परत नोव्हा! पोरं चिठ्ठ्या आणून देतात ना एमसीकडे, त्या सगळ्या खिशातून काढून वाचतोय हा माणूस, एकापाठोपाठ एक, चौसष्टच्या चौसष्ट सेकंद, आणि जनीनची आठवी ओळ संपली, ढोल परत सुरू झाला, आणि तुम्हाला सांगतो, हा गप्प बसला! तेव्हा! पाणी प्यायला!

आणि ती लाल नोव्हा कुणाची होती माहितीये? माझी. मी कानाला हेडफोन लावून होतो, मला तेव्हा धड ऐकूही आलं नाही, नुसतं त्याचं तोंड हलताना दिसलं. नंतर कॅसेटवर ऐकलं. आणि गंमत म्हणजे सकाळी गाडीपाशी गेलो तर दिवे बंद! एका चावीत गाडी सुरू! दिवे चालू नव्हतेच! म्हणजे माझ्या होणाऱ्या बायकोच्या गाण्यावर माझ्याच गाडीबद्दल खोटी बातमी, आणि नंबर मात्र बरोब्बर. मला स्वतःला तो नंबर कधी पाठ नव्हता हो, मी त्या कॅसेटवरून शिकलो.

सत्तावीस वर्षं! सत्तावीस वर्षं मी त्याला शिव्या घातल्या. नाताळात घातल्या, हॉलीच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या, बारशाला घातल्या, स्पेनला समुद्रावर पडल्या-पडल्या घातल्या. दर वेळी जनीन ऐकून घ्यायची. 'खरंच बाई, फारच वाईट माणूस,' म्हणायची, आणि चहा ओतायची. पुन्हा कधी गायली नाही ती. मी किती मागे लागलो, नवीन यंत्रं आली, म्हटलं परत गाऊ या… 'एकदा गायले ते बास.' वाढदिवसालासुद्धा ती नुसते ओठ हलवायची, मी बघायचो ना. मी म्हणायचो, बघा, त्या गॅरेथनं हिचं मन मोडलं. आणि ती म्हणायची, जाऊ दे रे.

फेब्रुवारीत गेली. चार महिन्यांत खेळ खलास, त्याबद्दल मी बोलणार नाही.

तर घरात तिचे फोटो आहेत, कोट आहे, चष्मा आहे, आवाज नाही. फोनवर निरोपसुद्धा ठेवायची नाही ती, परत फोन करायची. म्हटलं कॅसेट! हॉली म्हणाली, 'बाबा, आता कॉम्प्युटरवर असं निघालंय, आवाज वेगवेगळे करून देतं. आपण आईला बाहेर काढू.' दिली कॅसेट. तीन दिवस मला झोप नाही. आलं करून. आणि काय सांगू तुम्हाला… त्या यंत्रानं दोघांना वेगळं केलं, एकदम चोख. गॅरेथ असा खणखणीत, असा स्वच्छ, की त्याचा श्वास ऐकू येतो, चिठ्ठी उलगडल्याची करकर ऐकू येते! आणि जनीन? बुडबुडे. बादलीत तोंड घालून कुणी बोलावं तसे बुडबुडे. हॉली म्हणाली, यंत्राला वाटलं मुख्य गायक तोच.

तरी मी म्हटलं, अंत्यविधीला तेच गाणं लावायचं. हॉली नको म्हणत होती. मी म्हटलं, लोकांना कळेल, मागून का होईना, तिचा आवाज तर येईल. लावलं. शवपेटी समोर, पाद्रीबाई हात जोडून उभ्या, सूर लागले… 'लाल रंगाची नोव्हा, गाडीचे दिवे चालू राहिलेत!' माझी सासू वळून खिडकीबाहेर बघायला लागली. आणि ढोल सुरू झाल्यावर त्या कॅसेटवरून हा ओरडला, 'डॉनकास्टर, हात वर!' तर मागच्या तीन रांगांनी हात वर केले हो! सगळे जुने लोक आमचे, पन्नाशीचे, गुडघे गेलेले, रडतायत आणि हात वर! आणि सगळ्यांत मागे, खांबाआड, खाली मान घालून कोण बसलेलं? गॅरेथ. एक शब्द न बोलता निघून गेला.

मग मात्र माझं डोकं फिरलं. शोधून काढला. क्लीथॉर्प्सला, समुद्रकाठच्या हॉलमध्ये दुपारच्या बिंगोचे आकडे पुकारतो. गेलो. दीडशे म्हाताऱ्या कागदावर वाकलेल्या, टाचणी पडली तर ऐकू येईल, आणि वर बसून हा माणूस आकडा म्हणतो… आणि थांबतो. म्हणतो, थांबतो. इतकं सुरेख, इतकं मोजून! मी उठून उभा राहिलो, म्हटलं 'गॅरेथ सग्डेन, तुला…' तर शेजारच्या आजीबाईंनी माझी बाही धरून खाली खेचलं. 'शूऽऽ, ए बाबा, तोंड बंद ठेव की जरा.' मला! दीड तास मी गप्प बसलो तिथे.

मध्यंतरात तो स्वतःच दोन चहा घेऊन आला. मी सगळं ओकलो. चौसष्ट सेकंद, जनीन, बुडबुडे, शवपेटी, सगळं. म्हटलं, माझ्या बायकोचा आवाज तू खाल्लास, तुला एवढं एक गप्प बसता आलं नाही? त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, 'नील, ती चिठ्ठी जनीनची होती.'

मी म्हटलं, कुठली?

'नोव्हाची. तू आधीची तबकडी लावत होतास, ती मागून स्टेजवर आली. म्हणाली, हे वाच, आणि संपलं की दुसरं काहीही वाच, पण माझं गाणं संपेपर्यंत तोंड बंद करू नकोस, मला माझा आवाज ऐकवत नाही. मी म्हटलं, नील मारेल मला. तर म्हणाली, त्याला कधी कळू देऊ नकोस, फार खूश आहे तो.'

मी म्हणणार होतो, खोटं बोलतोस. पण तो नंबर! त्या नोव्हाचा नंबर मला पाठ नव्हता, गॅरेथला कुठून असणार? गाडी मूळची तिच्या वडिलांची, त्यांच्याकडून माझ्याकडे आलेली. पाठ तो तिला एकटीला होता.

आता घरी येऊन रोज लावतो मी ती कॅसेट. सूर लागतात, मागे बुडबुडे, आणि पुढे तो नंबर म्हणतो, स्वच्छ, दोनदा. तिनं लिहिलेलं तेवढंच त्या कॅसेटवर ऐकू येतं, आणि तेही त्याच्या तोंडून. आणि सत्तावीस वर्षं ती माझ्यासमोर चहा ओतत होती, 'फारच वाईट माणूस' म्हणत होती, आणि मी बिस्किट बुडवत होतो.

ज्याला चौसष्ट सेकंद गप्प बसता येत नाही म्हणून मी गावभर सांगत फिरलो, तो माणूस, तुम्हाला सांगतो, सत्तावीस वर्षं गप्प बसला होता. शिव्या खाऊन गप्प. अंत्यविधीला गप्प. अरे, मग बसलाच होतास, तर मी जाईपर्यंत बसायचंस ना… काय दहा-पंधरा वर्षांचा प्रश्न होता!

पण नाही. एमसी तो एमसीच.