काटा मधातच राहते

नाही गा कमलेश, बिघडली नाही — तेच तर सांगून राहिलो. बोनेट उघडू नको, काही निघणार नाही. तू रेडिएटर साफ केला, थर्मोस्टॅट नवा टाकला, समोर विजेचा पंखा लावला, तेव्हापासून गरमीचा काटा मधातच राहते, वर चढतच नाही. काल बेचाळीस डिगरी होती भंडाऱ्यात, तरी काटा मधात. चाळीस वर्षांची दोन सीटांची स्पोर्ट्स गाडी, नाकाडोंगरीच्या खाणीतला साहेब बंगल्यात सोडून गेलता, कोंबड्या तिच्यात अंडे देत होत्या — अन् तिचा काटा मधात. तुह्या हातात कला आहे, नाही कायले म्हणू. पण इतकी दुरुस्त करा म्हणून कोणी सांगतलं होतं? — हाव, मीच आणली होती. बायको म्हणे, मे महिन्यात हीटर चालू ठेवून फिरणारा माणूस जिल्ह्यात एकच आहे. अशा जुन्या गाडीत इंजिन उकळू नये म्हणून त्याची गरमी हीटरातून काढा लागते, छत उघडं, पाय भाजून राहिले — तिले कोण समजावन.

हे वही घे, पाय. अकरा वर्षांची आहे. कधी निघालो, काटा कुठं होता, पाणी किती पेली. वाच. आसगाव. आसगाव. आसगाव. — काय? दर ऐतवारी तिथंच काहून उकळे? चढ आहे तिथं. — बरं, नाही चढ, धानाच्या बांध्या आहेत, सपाट. पण तिथवर गेली का तिले तहान लागे, मी काय करू? माह्या भावाचं घर तिथं आहे, ते गोष्ट निराळी.

खुशालदादा बोलत नाही माह्यासंगं. रुचिकाच्या लग्नापासून, नऊ वर्षं झाले. पोरगी त्याची, अन् नवरदेव याच गाडीत आणा लागते हा हट्ट कोणाचा? माहा. समोर बँड, गाडी मुंगीच्या चालीनं, हवा लागत नाही, तर तापनच ना. गावाच्या शिवेवर वाफ सुटली, नवरदेवाच्या शेरवानीवर जंगाचं लाल पाणी उडालं, मुहूर्त टळला. दादा भर मांडवात म्हणे, "हा डबा अन् तू, दोघंही माह्या दारात दिसू नका." नाही दिसलो. रस्त्यावर उभा राहतो, दारात नाही. पण उकळलेल्या गाडीले पाणी नाही कोण म्हणन? वैऱ्यालेही द्या लागते. पहिले मंदावहिनी बकेट आणे, मंग दादाच आणाले लागला. अन् तुले माहीत आहे, गरम झाकण लगेच खोलता येत नाही. वीस मिनिटं थांबा लागते. ते वीस मिनिटं दोघंही बोनेटजवळ उभे. बोलणं नाही. झाकण खोलून पाणी टाकताना तो इंजिनाकडं पाहून "हूं" करे. लिहून आहे पाय — "हूं, दोनदा."

— कोणतं? दाखव. "नाल्याजवळ हीटर बंद"... हे दर ऐतवारी लिहून आहे काय? — असंन. खोटं लिहता येत नाही मले.

मागच्या ऐतवारी गेलो. नाल्याजवळ हीटर बंद केला, काटा मधात. घर आलं. दादा रस्त्यावर उभा, बकेट भरलेली — गाडी यायच्या पहिलेच भरून ठेवली होती त्यानं. थांबलो नाही मी. कायले थांबू? वाफ नाही, काही नाही. बिना कारणाचं थांबलो तर दारात गेल्यासारखंच झालं ना. आरशात पाहत होतो. रस्त्याच्या मोडापर्यंत त्यानं बकेट खाली ठेवली नाही.

म्हणून म्हणतो, पंख्याचा वायर कोणता, तेवढं सांग. पंखा बंद, हीटर बंद, नाल्यापासून दुसऱ्या गिअरात चालवली का काटा बरोबर वर जाते. — काय म्हणते? वायर नको काढू, तसाच थांब? अन् उतरून बोलू काय? काटा मधात आहे म्हणू? तू गाड्या दुरुस्त कर गा, तेवढंच कर.

— हा काय? काढला? बेस. लिहून घेतो. दहा चाळीस, पंखा बंद. कोणी केला, ते नाही लिहत. आता सरक बाजूले. ऐतवार आहे, बकेट उन्हात तापून राहिली असंन.