बाबांच्या कपाटातला पासपोर्ट

थायलंडच्या किकबॉक्सिंग कॅम्पला मी कशी गेले, ते ऐक. मुलुंडला आमच्या बिल्डिंगखाली टॅक्सी उभी, बॅग दारात आणि पासपोर्ट बाबांच्या कपाटात. चावी त्यांच्या खिशात.

"बाबा, विमान सुटेल!"

"सुटू दे. मार खायला परदेशात जायचं?"

तेवढ्यात गावाहून आलेल्या मोठ्या काकांनी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं सुरू केलं. आमच्याकडे एकाने मागायचं, बाकीच्यांनी होकार द्यायचा.

"पोरीच्या डोक्यातला खूळ जांव दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळं घर ओरडलं. आईसुद्धा! माझं डोकंच फिरलं. मी काकांच्या शेजारी उभी राहिले, हात जोडले आणि त्यांच्याच सुरात ओरडले, "पोरीचा पासपोर्ट पोरीला आत्ताच्या आत्ता मिळू दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

एकच आवाज. बाबांचा. जन्मभर गावच्या देवळात ओरडायची सवय ना!

बाबा देवाकडे बघत राहिले. शेवटी काकाच वैतागले.

"आता बघतंस काय? देवासमोर होय म्हटलंस ना? काढ चावी!"