पट्ट्याचा वॉशर

सुट्या भागांच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक वयस्कर नवराबायको होते.

“ब्रेकच्या पाइपाला तांब्याचा वॉशर हवाय. गाडी साठ वर्षांची आहे.”

“मागवावा लागेल, काका. सध्या काय लावलंय?”

“चामड्याचा जुना पट्टा होता. त्यातून कापून बसवला.”

“ब्रेकला? अहो, चामडं त्या तेलात मऊ पडतं. कधी दगा देईल सांगता येत नाही. गाडी बाहेर काढू नका.”

“अहो, गाडी तर सकाळीच आपली ताई घेऊन गेली. छकुलीला घेऊन, घाटातून.”

“माहितीये.”

“माहीत असून लेकीला चावी दिलीत?”

“मी रोज चालवतो. मला कधी काही झालं नाही.”

“तुम्ही बाजारापर्यंत जाता. फोन लावा आधी.”

“लावतोय. हं, छकुली, फोन आईच्या कानाला धर. ताई, उतार लागला का? ब्रेक दाबून बघ.”

“काय म्हणतेय?”

“पायडल खाली जातंय म्हणे. ताई, घाबरू नकोस. गिअर उतरवत पहिल्यात आण. हँडब्रेक हळूहळू ओढ. डोंगराच्या बाजूला घे, दरीकडे बघू नकोस.”

“अहो, थांबली का गाडी?”

“थांबली. चरात चाक अडकून थांबली.”

“आणि छकुली?”

“रडतेय. लागलं नाहीये कुणाला.”

“द्या तो फोन इकडे. ताई, दोघी उतरा आणि गाडीपासून लांब उभ्या राहा. बस दिसली की हात करा. काय? हो, ताई. बाबांना माहीत होतं.”