चिरेखिंडीत शालन म्हणाली, दोघं आहोत

ऐका. शेकोटीकडे तोंड करून बसा, मागे वळून बघायचं नाही. आणि गोष्ट संपेपर्यंत कोणी उठायचं नाही.

तर शालन निघाली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. एकटी निघाली. आणि कशात? तर तिच्या बापाच्या टॅक्सीत.

तिचा बाप म्हणजे केशव ड्रायव्हर. बैलगाड्या सोडल्या तर आपल्या घोळसवाडीत तेव्हा एकच वाहन होतं, ते केशवचं. गोल पाठीची, जाड पत्र्याची जुनी गाडी. पुढे दोन वेगळ्या खुर्च्या नाहीत, एकच लांब बाकासारखी सीट. गिअर स्टिअरिंगच्या खाली. अडलेली बाई असो, साप चावलेलं माणूस असो, केशवने तालुक्याला पोचवलं नाही असं घर नव्हतं. आणि एके दिवशी चिरेखिंड चढताना त्याच्याच छातीत कळ आली. त्याने काय केलं? गाडी डोंगराच्या अंगाला घेतली. हँडब्रेक ओढला. मग स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मागे चार माणसं होती, कोणाला खरचटलंसुद्धा नाही. केशव मात्र उठला नाही.

शालन तेव्हा पंधरा वर्षांची. गाडी दहा वर्षं फणसाखाली उभी राहिली. कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालायच्या. चाकं मातीत रुतली, खालचा पत्रा कुजला. मग शालन अंगणवाडीत शिकवायला लागली, आणि एका रविवारी पॉलिश पेपर घेऊन गंज घासायला बसली. बसली ती सहा वर्षं. दर रविवारी. तालुक्याच्या इस्माईल मेस्त्रीकडून एकेक काम शिकून यायची. कार्बोरेटर खोलून रॉकेलमध्ये धुवायची, सुटे भाग जुन्या साडीवर ओळीने मांडायची, कुठला कशानंतर काढला ते वहीत चित्र काढून ठेवायची. लोक हसायचे. म्हणायचे, हिला नवरा नको, इंजिन हवं. ती मान खाली घालून हसायची आणि पुढचा नट सोडवायची.

तिची आई या सहा वर्षांत गाडीबद्दल एक शब्द बोलली नव्हती. त्या वर्षी मात्र, रंगाला गाडी तालुक्याला न्यायची ठरली तेव्हा, चुलीत लाकूड सारता सारता एवढंच म्हणाली, "खंडेनवमीला दारात उभी दिसू दे."

आता उद्या खंडेनवमी. आणि गाडी अजून मेस्त्रीच्या दारात! रंग वाळायला वेळ लागला, मागच्या दिव्याची वायर सापडेना. इस्माईल मेस्त्री म्हणाला, "बाई, सकाळी जा. गाडी तरणी झाली, पण दिवे अजून म्हातारे आहेत. चढावर डोळे मिटतात." ती म्हणाली, सकाळी पूजा आहे. मग तो म्हणाला, निदान मोठ्या रस्त्याने जा. त्या रस्त्याने अडीच तास, खिंडीने पाऊण तास. शालनने खिंड धरली. आई वाट बघत असेल म्हणून, असं ती सांगते. पण मला विचाराल तर तिला तिथूनच जायचं होतं.

आता नीट ऐका, चूक इथे झाली. खिंडीच्या तोंडाशी राखणदाराचा दगड आहे. वर जाणारा प्रत्येक ड्रायव्हर तिथे थांबतो, दगडावर पाणी घालतो आणि आत किती माणसं आहेत ते मोजून सांगतो. पाच असली तर पाच आहोत, सांभाळ. जेवढी सांगितली तेवढी राखणदार वर पोचवतो. शालन लहानपणी बापाच्या शेजारी बसून जायची, तेव्हा हे सांगायचं काम तिचं असायचं. ती उतरली. पाणी घातलं. हात जोडले. आणि जुन्या सवयीने तोंडातून गेलं, "दोघं आहोत, सांभाळ."

एकटी होती हो ती!

गाडी चढायला लागली. पहिलं वळण आलं आणि हॉर्न आपोआप वाजला. शालन मनात म्हणाली, वायर टेकली असेल. दुसऱ्या वळणावर पुन्हा. तिसऱ्यावर पुन्हा, आणि एकदा नाही, दोनदा. तिथे केशव दोनदाच वाजवायचा. शालनला भीती नाही वाटली. उलट बरं वाटलं. तेच वाईट झालं.

मग दिवे मंदावले. पिवळे झाले, तांबूस झाले, गेले. चांदण्यात पांढरा मैलाचा दगड दिसला. त्यावर सात. थोडं पुढे गेली, पुन्हा दगड, पुन्हा सात. अजून पुढे गेली. सात. गाडी चढतेय, चाकं फिरताहेत, आणि रस्ता काही सरत नाही. इंजिनाने दोन आचके दिले आणि गप्प झालं.

झाडाचं पान हलेना. रातकिडे बंद. तिने हँडब्रेक ओढला. आणि तिच्या शेजारची सीट हळूच दबली. कोणी बसलं की दबते ना, तशी. तंबाखूचा वास आला. घसा खाकरल्याचा आवाज आला.

"शालू," तो म्हणाला, "किती गं दमलीस."

आता बघा, हडळ केस सोडून आली असती, तर शालनने किंकाळी फोडली असती आणि पळाली असती. पण सोळा वर्षांत तिला कोणी शालू म्हटलं नव्हतं. तिला रडू फुटलं. तो बोलत राहिला. पत्रा छान बसवलास म्हणाला. रंग शोभतो म्हणाला. आई गुडघ्यांचं करते काय, म्हणून विचारलं. शालन सगळं सांगत गेली. तिने शेजारी पाहिलं नाही, पण ऊब लागत होती.

मग तो म्हणाला, "सरक जरा. पुढचं मी नेतो. तू झोप."

शालन सरकली. खरंच सरकली, वीतभर. सहा वर्षांचा शीण होता तिच्या अंगात. पुढची सीट लांब, सरकायला काही आडवं येत नाही. तिचा पाय ब्रेकवरून निघाला. कट्ट करून हँडब्रेक सुटला. तिने नव्हता सोडला! गाडी मागे जायला लागली. मागे काय होतं? दरी होती. नुसती दरी.

त्या चांदण्यात तिने पहिल्यांदा शेजारी पाहिलं. चेहरा अंधारात होता. हात दिसत होते, आणि ते स्टिअरिंगकडे येत होते. आणि शालनला एकदम आठवलं. आबांनी, म्हणजे केशवने, तिला माळावर गाडी शिकवली, तेव्हा ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे. ती बांधाला धडकायला निघाली तरी हात बाहेर काढायचे नाहीत. चालवणाऱ्याच्या हातातून चाक घ्यायचं नाही, म्हणायचे.

ती पुन्हा आपल्या जागी आली. स्टिअरिंग घट्ट धरलं. गाडी मागे पळतेय, मागचं चाक कडेच्या खडीवर, खडी घरंगळून खाली जातेय, तिचा आवाजसुद्धा येत नाही इतकी खोल. गाडी मागे जातेय तर त्याच धक्क्याने इंजिन सुरू करायचं, म्हणून शालनने क्लच दाबला, उलटा गिअर टाकला, आणि क्लच सोडला. धाडकन हिसका बसला. इंजिन सुरू झालं! ब्रेक, पहिला गिअर, आणि गाडी दोन हात पुढे.

"आबा, तुम्ही बसा," ती म्हणाली. "मी नेते."

शेजारची सीट तशीच दबलेली. ती रडत रडत चालवत राहिली. दगड आला, त्यावर सहा होते. मग पाच. खिंड संपली, घोळसवाडीचे दिवे दिसले, आणि सीटची स्प्रिंग कुरकुरत वर आली. झालं. रातकिडे पुन्हा ओरडायला लागले.

कोणी म्हणतं तो चकवा. मोजणी भरायला दुसरा कोणीतरी हवा होता, तो आला, आणि तिच्या मनातला आवाज घेऊन आला. कोणी म्हणतं केशवच, लेकीचा हात बघायला आलेला. मला ठाऊक नाही. पण शालनने घरी येऊन आईला सगळं सांगितलं. हात सांगितले, दरी सांगितली. आईने सगळं ऐकून घेतलं. घाबरलीस का, असं विचारलं नाही. म्हणाली, "आवाज तसाच होता का गं?"

म्हणून सांगतो, रात्रीचं त्या वाटेने जाऊ नका. अनोळखी भूत असेल तर माणूस पळतो तरी. शालन अजून गाडी चालवते, माणसं तालुक्याला नेते, पण दिवस मावळला की खिंडीचं नाव काढत नाही. आई कधी दवाखान्यात गेली आणि परतायला उशीर झाला, की पुढच्या सीटवर बसून म्हणते, खिंडीने जाऊ. शालन सांगते, काम चाललंय, रस्ता बंद आहे.

"अजून?" आई विचारते.

"अजून," शालन म्हणते, आणि मोठ्या रस्त्याला लागते. तुम्हीही तोच धरा.