गळ्याच्या वर लागला तर बाद नाही

नाव: कागदावर आहे ते, हाक मारतात आजी. वय: सत्तरीच्या पुढे. धंदा: पूर्वी शिवणकारखान्यात काजं-बटणं, आता नातीची मॅच बघणे. राहणार: बेकरीच्या मागे, दुसरा मजला. शिक्षण: सही येते.

मी स्वतः ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगते की, माझी नात पार्सलच्या गोदामात कामाला असून तिथल्या बायकांच्या टीममध्ये किकबॉल खेळते. तिने आपल्याला बॅटने मारलं अशी तक्रार तिच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या नातजावयाने दिली आहे. तिला त्यावरूनच इथे आणलं आहे.

आधी खेळ सांगते, कारण साहेबांना तो ठाऊक नाही आणि नातजावयालाही नाही. एक बाई चेंडू जमिनीवरून सरपटत टाकते. समोरची तो लाथेने उडवते आणि पळत सुटते. चार कोपऱ्यांवरच्या खुणा, म्हणजे बेस, शिवून आली की एक रन. पळतीला चेंडू फेकून मारला तर ती बाद, पण गळ्याच्या खाली लागला तरच. वर लागला तर बाद नाही, उलट मारणारीलाच बोलणी. चेंडू रबरी, डोक्याएवढा. मी आधी नाक मुरडायचे, बायकांनी लाथा कसल्या झाडायच्या म्हणून. आता पुढचा बाक धरते, चहाचा थर्मास घेऊन. साहेब म्हणाले, आजी, मुद्द्याचं बोला. म्हटलं, हाच मुद्दा आहे, लिहा.

रविवारी दुपारी गोदामामागच्या मैदानात नातीची लाथ मारायची पाळी आली. ऊन मी म्हणत होतं, तरी तिचा शर्ट लांब बाह्यांचा. वर्षभर तसाच घालते. का, ते मला कोणी विचारलेलं नाही. तेवढ्यात नातजावई फाटकातून आत आला. हातात ट्रकचं चाक खोलायचा पाना. म्हणाला, "घरी चल, पुरे झाली थेरं." नात म्हणाली, "एवढी किक होऊ दे." त्याने तिच्या दंडावर पाना हाणला. तो आवाज मला बाकावर ऐकू आला. पंचबाई शिट्टी वाजवत मधे पडल्या, त्यांना ढकलून पाडलं आणि पाना पुन्हा उगारला.

चेंडू नातीच्या पायाशी पडला होता. तिने अशी लाथ घातली की चेंडू थेट त्याच्या नाकावर. नाक फुटलं, शर्ट लाल झाला, पाना मात्र हातातच. चेंडू टाकणारी वजनकाट्यावरची बाई म्हणाली, "गळ्याच्या वर लागला गं, बाद नाही." आणि चेंडू उचलून तिने त्याच्या पोटात मारला. मग प्रत्येकीने मारला, गळ्याखाली, नियमाने. तो पळाला तोही उलटा, तिसऱ्या बेसवरून पहिल्याकडे. मला हसू आलं, खोटं कशाला सांगू.

तक्रारीत त्याच्या डोक्यामागची जी खोक आहे, ती चेंडूची नाही. माझ्या बाकाजवळून तो पाना घेऊन परत नातीकडे वळला, तेव्हा मी थर्मास घातला. चेपलेलं झाकण सोबत आणलं आहे. चहा वाया गेला.

बॅट कोणी पाहिली असेल त्याने आणून दाखवावी. या खेळात बॅट नसतेच. मैदानात लोखंड एकच होतं, आणि ते त्याने आणलं होतं.

आत्ता शेजारच्या खोलीत बाई हवालदारांनी नातीला बाह्या वर करायला सांगितल्या. दार उघडं होतं. मग त्यांनी नवा कागद घेतला आणि एकेक वळ मोजून लिहायला लागल्या.

वरचं मला मोठ्याने वाचून दाखवलं. "गळ्याखाली, नियमाने" हे राहून गेलं होतं, ते घालून घेतलं. बाकी माझ्याच तोंडचं आहे. सही केली आहे. नातीला घेतल्याशिवाय बाकावरून उठणार नाही, हेही लिहायला लावलं.