ड गटातले उंदीर

जगन्नाथ : ...म्हणून मग मी तो लॅमिनेटच करून घेतला. काढ्याचे शिंतोडे उडतात ना, कागद खराब व्हायला नको.

ज्ञानदा : काका, हा माझा रिसर्च पेपर आहे!

जगन्नाथ : तुझाच तर! हे बघ, पहिलंच नाव. पिवळ्या मार्करनं रंगवलंय मी.

ज्ञानदा : पण तो बाटल्यांच्या कपाटावर का लावलाय?

शरयू : देवघरात लावणार होते. मी जागा दिली नाही.

जगन्नाथ : अगं, तीस वर्षं अमेरिकेत, ह्या कॅरीत राहतोय आम्ही. अर्धं गाव औषधांच्या कंपन्यांत कामाला जातं. पण आमच्या उपयोगाचं काही शोधलं का कुणी? तू शोधलंस. भुईआवळी घ्या, दारूपासून लिव्हर वाचवा!

ज्ञानदा : उंदरांचं, काका. मी उंदरांवर काम करते.

शरयू : तेवढा फरक ते चालवून घेतात.

जगन्नाथ : शरयू, तू मध्ये बोलू नकोस. ज्ञानदा, ये, खिडकीतून बघ. मागचं सगळं अंगण भुईआवळीनं भरलंय. एचओएचं, म्हणजे कॉलनीच्या कमिटीचं पत्र आलं, तुमच्याकडे तण माजलंय म्हणून. मी उत्तर पाठवलं, सोबत तुझा पेपर जोडला.

ज्ञानदा : एचओएला पाठवलात? ओ गॉड!

जगन्नाथ : परत पत्र नाही आलं. घे, चव बघ काढ्याची.

ज्ञानदा : ...ई! काका, हे काय आहे? यात अजून काय घातलंय?

जगन्नाथ : थोडं काडेचिराईत. माझ्या मनानं. जितकं कडू, तितकं गुणकारी.

शरयू : त्या हिशोबानं चाळीस वर्षं माझं बोलणं ऐकून तुम्ही अमर व्हायला हवे होतात.

ज्ञानदा : काकू, म्हणून तुम्ही फोन केलात होय? मला म्हणालात, लोणचं घेऊन जा.

शरयू : लोणचंही आहे. पण आधी ह्यांचं ऐक. सांगा की तिला, प्रोटोकॉल.

जगन्नाथ : सोपा आहे. शुक्रवारी पाच वाजता काढा, एक कप. सात वाजता मंडळी जमली की पेग. आधी दोन घ्यायचो, आता तीन घेतो. फॅक्टर ऑफ सेफ्टी वाढलाय ना!

ज्ञानदा : काका, तुम्ही पूल डिझाइन करायचात ना?

जगन्नाथ : एकतीस वर्षं. एकही पडला नाही.

ज्ञानदा : मग मला सांगा, पुलाला गंज लागू नये म्हणून रंग दिला, तर त्यावरून दुप्पट ट्रक सोडाल का?

जगन्नाथ : वेडी आहेस का? रंगाचा आणि लोडचा काय संबंध?

शरयू : हं. आता बोला.

जगन्नाथ : ते वेगळं. इथं तुझ्या पेपरात स्वच्छ लिहिलंय, लिव्हरचं नुकसान लक्षणीय कमी झालं.

ज्ञानदा : कमी झालं, काका. थांबलं नाही. आणि आम्ही लॅबमध्ये एक्स्ट्रॅक्ट काढतो, मोजूनमापून. तुमच्या पातेल्यात काय उतरतं ते तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. अशा काढ्यांनी उलटा लिव्हरला त्रास झालेले लोक आहेत. कडू असलं म्हणजे औषधच असतं असं नाही.

जगन्नाथ : तू तुझ्याच संशोधनाच्या विरुद्ध बोलतेयस. गाइडला सांगू का?

ज्ञानदा : सांगा. तो पण हेच म्हणेल. आणि ह्या एवढ्या बरण्या कुणाच्या?

जगन्नाथ : मंडळींच्या. ही माझी, ही विवेकची, दोन रविवारी पत्ते खेळणाऱ्या ब्रिज ग्रुपच्या. आणि ही निळ्या झाकणाची खास. कुमारची.

ज्ञानदा : कुमारकाका? पण ते तर पीत नाहीत ना?

शरयू : त्यासाठीच बोलावलं मी तुला.

जगन्नाथ : पीत नाही, कारण त्याला कुणी उपाय सांगितला नव्हता! तीन वर्षं झाली बिचाऱ्याला. हॉस्पिटलमधून आला तेव्हापासून सोडाच पितोय. काल फोन केला त्याला. म्हटलं, कुमार, आनंदाची बातमी आहे. आपल्या ज्ञानदानं औषध शोधलं. उद्या सगळ्यांच्या आधी ये, सहा वाजता. काढा घे, आणि मग तुझ्यासाठी ठेवलेली ती बाटली उघडू.

ज्ञानदा : काका!

जगन्नाथ : अगं, ओरडतेस काय?

ज्ञानदा : माझं नाव सांगितलंत तुम्ही त्यांना? माझ्या नावावर ते परत सुरू करणार? काका, त्यांच्या लिव्हरला आता दुसरी संधी मिळणार नाही. किती वाजले?

शरयू : सहाला वीस कमी.

ज्ञानदा : फोन करा त्यांना. आत्ता.

शरयू : मी दोनदा केला. उचलत नाहीये.

जगन्नाथ : तुम्ही दोघी मला राक्षस समजताय. तुम्हाला माहीत नाही कुमार काय माणूस होता. तो हसायला लागला की शेजारची कुत्री भुंकायची. आता येतो, कोपऱ्यात बसतो, आठ वाजले की 'निघतो रे' म्हणतो. मला माझा मित्र परत हवाय. यात काय चुकलं माझं?

ज्ञानदा : नाही चुकलं. खरंच नाही. पण काका, हा पेपर तुम्ही कितव्या पानापर्यंत वाचलात?

जगन्नाथ : सगळा वाचला.

ज्ञानदा : मार्कर तिसऱ्या पानावर संपतोय.

जगन्नाथ : पुढं नुसते तक्ते आहेत.

ज्ञानदा : इंजिनिअर माणूस आणि तक्ते वाचत नाही? हा घ्या, तक्ता चार. उंदरांचे चार गट. अ, नुसतं पाणी. ब, नुसती दारू. क, दारू आणि भुईआवळी. तुम्ही स्वतःला इथं धरलंय. आता हा ड वाचा.

जगन्नाथ : चष्मा दे गं. ...ड. ड गटाचे आकडे क पेक्षा पुष्कळ बरे दिसतायत. जवळजवळ अ च्या शेजारी.

ज्ञानदा : हो.

जगन्नाथ : मग हे का नाही सांगितलंस? आपण भुईआवळी कशाला उकळत बसलो? ड ला काय दिलं होतं? डोस काय?

ज्ञानदा : काहीच नाही दिलं, काका. सहा आठवडे दारू दिली आणि मग बंद केली. बस.

जगन्नाथ : बस?

ज्ञानदा : बस. त्याची बातमी होत नाही ना, म्हणून तो चौथ्या तक्त्यात गेला.

शरयू : ड गट म्हणजे आपला कुमार. मी एक विचारू? तो कोपऱ्यात बसतो म्हणता. तुम्ही सगळे ग्लास घेऊन पलीकडे उभे राहता. तीन वर्षांत एकदा तरी त्याच्या शेजारी सोडा घेऊन बसलात?

जगन्नाथ : सोडा? त्याला बरं वाटावं म्हणून मी त्याच्यासाठी एवढी महागाची बाटली...

शरयू : ती त्याला हवी होती की तुम्हाला?

ज्ञानदा : काकू, राहू दे.

शरयू : नाही गं. ह्यांच्या डॉक्टरनं पण मागच्या महिन्यात सांगितलंय, लिव्हरचे आकडे वर गेलेत. ते त्यांनी लॅमिनेट नाही केलं.

जगन्नाथ : तुला कसं कळलं?

शरयू : चाळीस वर्षं मी काय उगाच आहे का तुमच्याबरोबर?

(दाराची घंटा वाजते.)

ज्ञानदा : आले! मी बरण्या उचलते.

जगन्नाथ : राहू दे. मी उघडतो दार. ...ये रे, कुमार. फोन का नाही उचललास?

कुमार : गाडीतच होतो. तुझ्याच ड्राइव्हवेमध्ये. अर्धा तास झाला.

शरयू : अहो, मग आत का नाही आलात?

कुमार : पाय उचलत नव्हता, वहिनी. रात्रभर विचार करतोय. जगूनं एवढ्या प्रेमानं बोलावलंय, नाही म्हटलं तर वाईट वाटेल त्याला. आणि हो म्हटलं तर... अरे, ज्ञानदा! तूच ना ती? तू शोधलंस म्हणे. खरंच चालतं का गं, थोडी घेतली तर?

ज्ञानदा : नाही, काका. नाही चालत. माझ्या पेपरात दारू दिलेल्यांपैकी सगळ्यात तब्येतीचे उंदीर तुमच्यासारखे आहेत. सोडलेले.

कुमार : हुश्श! काय सांगू, केवढं बरं वाटलं. हसू नकोस हं. पण मग जगू, तू आनंदाची बातमी म्हणालास, ती कुठली?

जगन्नाथ : तीच सांगतोय. शरयू, दोन सोडा आण. मोठे ग्लास. आणि कुमार, जरा सरक. ह्या कोपऱ्यात मलाही बसायचंय.